पिवळंच राहू दे

आमच्या सासूबाईंचं आणि माझ्या धाकट्या जावेचं चौदा वर्षांत एकाच गोष्टीत जुळलं, ती म्हणजे मूत्रपिंड.

बाकी पडद्याच्या रंगात जुळलं नाही, मिठाच्या चिमटीत जुळलं नाही. खिडकी उघडी असावी की बंद, यावरून तर एकाच खिडकीची एकेक फळी धरून दोघी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत; वारा बिचारा बाहेर ताटकळत. पण धाकटीची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं, तेव्हा दिरांचा रक्तगट आडवा आला, आमच्या ह्यांची साखर आडवी आली, आणि मी मोठ्या तोऱ्यात दंड पुढे केला तर माझं तिच्याशी अजिबात पटेना. चाललं ते फक्त सासूबाईंचं. वय सहासष्ट, पण आतून ठणठणीत.

निकाल ऐकून त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. हिचा डोळा पहिल्यापासून माझ्याच वस्तूंवर."

धाकटी अंथरुणातून म्हणाली, "आई, मूत्रपिंड तेवढं द्या. स्वभाव सोबत नको."

तर असं सासूबाईंचं डावं मूत्रपिंड सुनेच्या पोटात गेलं आणि गेल्या गेल्या कामाला लागलं. सासूबाईंचंच ते, बसून कसं राहील? पंचाईत निराळीच झाली. शरीराला परकं माणूस लगेच कळतं. धाकटीच्या रक्तातल्या लढाऊ पेशी सासूबाईंच्या मूत्रपिंडावर धावून जाऊ नयेत, म्हणून तिला मूठभर गोळ्या सुरू झाल्या. मूत्रपिंड शाबूत राहिलं, पण त्यातल्या एका गोळीने तिचे हात थरथरायला लागले.

धाकटी शिवणकाम करते. सुईत दोरा ओवताना ती जिभेचं टोक किंचित बाहेर काढायची आणि पहिल्या फटक्यात दोरा आरपार. बटणाचं काज असं करायची की उलट बाजूने बघावं. त्या हातांत आता चहाचा कप दिला तर तो बशीवर वाजत राही. आम्ही एकाच जिन्याच्या दोन टोकांना राहतो, सासूबाई नि धाकटी खाली आणि आम्ही वर. जिन्यात आधी कपबशीचा आवाज यायचा आणि मागून धाकटी. मशीनवर तिने जुनी चादर टाकली होती. "धूळ बसते ना," म्हणाली. धूळ कधी बसू दिली होती तिने?

गोळी कमी करा, असं डॉक्टरांना सांगून उपयोग नव्हता. कमी केली की लढाऊ पेशी सुटणार. फक्त एकच वाट होती, आणि ती वाट, मजा बघा, थेट माझ्या कामाच्या जागी येत होती.

मी जिथे काम करते तिथे पेशी वाढवतात आणि मी त्यांचा स्वयंपाक करते. बावीस वर्षांपूर्वी बाटल्या धुवायला लागले होते. बाटल्या धुता धुता त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचल्या, चिठ्ठ्यांवरून पाककृती कळल्या, आणि एक दिवस कुणीतरी आजारी पडलं नि मी म्हटलं, "मी करते की." तेव्हापासून क्षार, जीवनसत्त्वं, साखर, सगळं मीच मोजून कालवते आणि गाळते. पेशींच्या या जेवणात एक रंगही असतो. जेवण ताजं असलं की गुलाबी. पेशींनी साखर खाल्ली, आंबट पाणी मागे टाकलं, की पिवळं. बावीस वर्षं माझं सगळं या रंगावर चालतं. गुलाबी म्हणजे पोट भरलं. पिवळं म्हणजे भूक.

आता या विशिष्ट पेशींबद्दल सांगते. कुठल्याही घरातल्या भांडणात एक कुणीतरी असतं, जे मध्ये उभं राहून म्हणतं, "जाऊ द्या हो, आपलीच माणसं." रक्तातही तशा मूठभर पेशी असतात. कागदोपत्री त्यांना नियामक पेशी म्हणतात. मी त्यांना 'जाऊ द्या' पेशी म्हणते, आणि आता अख्खी प्रयोगशाळा तेच म्हणते. फक्त पाहुणे आले की सगळे एकदम शुद्ध बोलायला लागतात. रुग्णाच्या रक्तातून या पेशी निवडायच्या, दोन आठवडे पोसून मूठभरांच्या कोट्यवधी करायच्या, आणि परत त्याच रुग्णाच्या अंगात सोडायच्या. मग त्या आत जाऊन लढाऊंची समजूत घालतील आणि गोळ्या हळूहळू कमी करता येतील, अशी आशा. तिची चाचणी आमच्याकडे चालू होती आणि धाकटी त्यातली शेवटची रुग्ण होती. तिचं रक्त ऑपरेशनच्या आधी घेऊन गोठवून ठेवलं होतं. आता गोळ्यांनी भरलेलं रक्त घेऊन काही होणार नव्हतं. म्हणजे संधी एकच.

आमच्या प्रमुख डॉक्टरबाई म्हणजे शिडशिडीत, घाईघाईने चालणारी, डबा आणायला विसरणारी बाई. त्यांचा सगळा जीव पेशी काय खातात यावर.

"मावशी," त्या मला सांगायच्या, "लढाऊ पेशी साखरेवर चालतात. भसाभस खातात आणि भडकतात. आपल्या पेशींची चूल वेगळी. त्या चरबी जाळतात, मंद आचेवर. थोडक्यात भागवतात. दुसऱ्यांनी टाकलेलं आंबट पाणीसुद्धा पोटात घालतात."

"आणि त्यांना साखरेची चटक लावली तर?"

"वाढतात भरपूर. पण मग आपण कोण होतो ते विसरायला लागतात."

मला हे काही केल्या पटायचं नाही. उपाशी माणूस कुठे शांत असतो? आमच्या ह्यांना जेवायला दहा मिनिटं उशीर झाला तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घशात खाकरतात. पण डॉक्टरबाईंचा नियम होता: पहिले नऊ दिवस पूर्ण साखरेचं जेवण, पेशी वाढाव्यात म्हणून, दहाव्या दिवसापासून कमी साखर, थोडी चरबी, म्हणजे त्या आपल्या मूळ वळणावर येतील. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, ते कमी साखरेचं जेवण मीच केलं. नाक मुरडत केलं, पण केलं.

धाकटी माझी जाऊ आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "जेवण तुम्ही करा. वाढायचं काम घड्याळ करेल."

घड्याळ म्हणजे आमचा तंत्रज्ञ. एक वाजून पाच मिनिटांनी डबा उघडतो आणि एक बावीसला मिटतो, म्हणून घड्याळ. पेशींच्या खोलीत जाताना त्याचे हात धुणंसुद्धा सेकंदावर.

रविवारी सकाळी दहाला घड्याळ कपडे बदलायच्या खोलीत शिंकलं. एकदा नाही, सात वेळा, मोजल्या त्यानेच. सर्दी झालेल्या माणसाला त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. त्याने नाक धरून डॉक्टरबाईंना फोन लावला.

"मावशी जाऊ देत आत," त्या म्हणाल्या. "फक्त बघायचं. रंग कसा आहे, पिशवी गळत नाही ना, एवढं. मला कळवायचं. हात लावायचा नाही."

मी अंगभर पांढरा पोशाख चढवला. टोपी, मास्क, एकावर एक हातमोजे. माझे फक्त डोळे बाहेर होते, आणि खरं तर तेच झाकायला हवे होते.

उबदार कपाटाचं दार उघडलं. आत दोनच पिशव्या, तळहाताएवढ्या. एकीवर अ, एकीवर ब. दोन्ही धाकटीच्या. आणि दोन्ही पिवळ्याधम्मक.

खोलीतून बाहेर बोलायला भिंतीत एक पेटी आहे, तिचं बटण दाबून बोलायचं. मी दाबलं. "अरे, पिवळ्या पडल्यात!"

काचेपलीकडून घड्याळाने विचारलं, "किती पिवळ्या?"

"कावीळ झाल्यासारख्या! काहीतरी कर!"

"मावशी, पाच मिनिटं थांबा. बाईंना विचारतो." मग आठवी शिंक, आणि घड्याळ फोनकडे पळालं.

पाच मिनिटं थांबले असते तर तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

पण पाच मिनिटं म्हणजे किती, हे ज्याने भुकेलं तोंड पाहिलंय त्याला विचारा. समोर त्या दोन पिशव्या. माझ्या कानात कप बशीवर वाजायला लागला. आणि शेजारच्या फळीवर, गरज पडली तर असावी म्हणून काढून ठेवलेली, पूर्ण साखरेच्या जेवणाची बाटली. माझ्याच हातची. गुलाबी, टवटवीत. हात लावायचा नाही हे डोक्याला ठाऊक होतं. हातांना कुणी सांगितलं नव्हतं. मी नळी जोडली आणि अ पिशवीला पोटभर वाढलं. पिवळ्याचं नारिंगी झालं, नारिंगीचं गुलाबी. मला मास्कच्या आत हसू फुटलं. "खा बायांनो," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

मग ब पिशवीची नळी हातात घेतली. इतक्यात काच धडधडली.

काचेला दोन्ही तळवे चिकटवून घड्याळ नाचत होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण पेटीचं बटण दाबायला विसरलं होतं, त्यामुळे आवाज शून्य. हातांची फुली केली. माझ्याकडे बोट केलं. स्वतःचा गळा धरला. मला वाटलं, ह्याला शिंकेने घेरी आली. शेवटी त्याला बटण सापडलं.

"पिवळंच राहू दे! बाई म्हणतात पिवळंच राहू दे! पेशींना तसंच हवंय!"

आणि काचेवर एवढी मोठी नववी शिंक दिली की मला तो दिसेनासा झाला.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली. बावीस वर्षांत मला कुणी खुर्ची दिली की मी समजून घेते, प्रकरण गंभीर आहे. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळींना त्यांनी रविवारीच सगळं कळवलं होतं. निर्णय असा: अ पिशवी बाद, ती रुग्णाला द्यायची नाही, फक्त अभ्यासाला ठेवायची. ब पिशवीला हात लागलेला नाही, ती चालेल. पण गुरुवारी सकाळी नऊला तिच्यात कमीत कमी तीस कोटी पेशी हव्यात, आणि शंभरातल्या ऐंशी तरी खऱ्या 'जाऊ द्या' हव्यात. दोन्ही पिशव्या मिळून तीस कोटी सहज झाल्या असत्या. एकट्या ब मध्ये त्या सकाळी होत्या सतरा.

"आणि तुम्ही," त्या म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत काचेच्या बाहेर."

मग त्यांनी चूक झाल्यावर भरायचा चार पानी कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता, 'मूळ कारण'. मी लिहिलं: पिशवी उपाशी दिसली.

डॉक्टरबाईंनी वाचलं. ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी तो बळेच जागेवर आणला. "मावशी, हे कारण नाही. ही माया आहे."

"मग माया लिहू?"

"रकाना लहान आहे. सूचना डावलली, असं लिहा."

मी लिहिलं. खाली सही केली, आणि सहीवर एक टिपूस पडला. तो पुसायला डॉक्टरबाईंनी जो कागद दिला तो नेमका त्यांच्या भाषणाचा होता, विषय: साखर आणि नियामक पेशी.

मंगळवारी दोन्ही पिशव्यांतले नमुने बाहेर मोजायला आणले. मोजायला घड्याळ बसलं, दुहेरी मास्क लावून. अ पिशवीत पेशी किती? चव्वेचाळीस कोटी! मी टाळीच वाजवली. चूक ती चूक, पण माझ्या हातचं जेवण म्हणजे काय ते बघा!

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. हा शब्द त्या आठवड्यात मी फार ऐकला.

मग ओळखपरेड झाली. खऱ्या 'जाऊ द्या' पेशीच्या पोटात एक खूण असते. त्या खुणेला चमकणारा रंग लावतात आणि एकेक पेशी प्रकाशाच्या किरणासमोरून पळवतात. खूण असेल तर ती चमकते. पडद्यावर ठिपके उमटायला लागले. ब पिशवीचे सगळे ठिपके वरच्या कोपऱ्यात शहाण्या मुलांसारखे गोळा झालेले. अ पिशवीचे सगळीकडे पांगलेले, एखाद्या मैदानात लग्नाची पंगत उठावी तसे.

"शंभरातल्या सत्तावन्नच अजून जाऊ द्या म्हणताहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्या त्रेचाळीस?"

"बाह्या सरसावताहेत."

भांडण सोडवायला निघालेल्या बायकांना वाटेत मी इतकं खाऊ घातलं होतं की त्या स्वतःच भांडायला तयार झाल्या होत्या. मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं, आणि ते थांबेना. घड्याळही हसायला लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एका पिशवीवरून काहीही सिद्ध होत नाही," आणि चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली. आपलं म्हणणं डोळ्यांपुढे ठिपके ठिपके होऊन दिसलेल्या बाईला कुणी कसं आवरावं? मग त्यांना एकदम आठवलं. खुर्ची थांबली. "ब पिशवी एकवीसवर आहे," त्या हळू म्हणाल्या.

दुपारी चारला डॉक्टरबाईंनी धाकटीला रीतसर फोन करून सगळं सांगितलं. "घरी तुमचं तुम्ही बघा," मला म्हणाल्या.

घरी खालच्या खोलीत दोघी तयारच बसल्या होत्या. ऑपरेशनला तीन आठवडे झालेले. दोघींच्या पोटावर टाके, दोघींच्या मांडीवर उशा. पण एका बाजूला दोघी आणि समोर मी, अशी मांडणी चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

"अगं मोठे," सासूबाईंनी सुरुवात केली, "माझ्या मूत्रपिंडाच्या वैऱ्यांना तू साखर चारलीस?"

"वैरी नव्हते हो आई. खाऊन झाले."

"कुणाच्या हातचं खाऊन? तुझ्या! मी इतकी वर्षं सांगतेय, हिचा हात सैल आहे. चहातसुद्धा आमटीच्या चमच्याने साखर घालते!"

धाकटी पोट धरून हसायला लागली. "आई, हसवू नका, टाके दुखतात."

"तुझे दुखतात तर माझे काय फुलं उधळतात?" म्हणत त्याही उशी पोटाशी दाबून हसायला लागल्या. दोघी एकमेकींकडे बघायच्या, "आई गं" म्हणायच्या, आणि पुन्हा हसायच्या. मी उभीच. शिक्षेला उभं केलेल्या माणसासमोर न्यायाधीशच लोळायला लागले तर त्याने करायचं काय?

मग धाकटीने डोळे पुसले. "ताई, दुसरी पिशवी आहे ना?"

"आहे. पण अंगाने लहान आहे. गुरुवारी नऊपर्यंत तीस व्हायला हव्यात, आज एकवीस."

"आणि नाही झाल्या तर?"

मी मशीनवरच्या चादरीकडे बघत म्हटलं, "तर गोळ्या. आहेत तशाच."

कप बशीवर वाजला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तरी वाजला. सासूबाईंनी आपलं बोट हळूच बशीच्या काठावर ठेवलं, आवाज थांबला.

"मग तिला उपाशीच राहू द्या," धाकटी म्हणाली. "आणि तुम्ही दोघी माझ्या ताटापासूनसुद्धा लांब राहा. सकाळपासून चार वेळा वाढलंय तुम्ही मला. आत त्या पेशींना जे सहन झालं नाही ते मला कसं होईल?"

"ऐकलंस?" सासूबाई मला म्हणाल्या. "अंगात माझं मूत्रपिंड आल्यापासून बोलायला कशी लागलीये बघ."

बुधवार मी काचेला नाक लावून काढला. स्वयंपाक तेवढा करू दिला होता. कमी साखरेचं जेवण मी तीनदा मोजून केलं, घड्याळाकडून चौथ्यांदा मोजवून घेतलं. आत जाऊन ते वाढलं डॉक्टरबाईंनी. बाहेर मी. दर तासाला घड्याळ येऊन माझ्या नाकाचा ठसा काचेवरून पुसून जाई.

"मावशी, बघून त्या वाढणार नाहीत."

"न बघता तरी वाढतील असं कुठे लिहिलंय?"

बावीस वर्षांत मी पिंपं उचलली, फुटलेल्या काचा वेचल्या, एकटीने दीडशे बाटल्या एका दिवसात भरल्या. पण समोर पिवळी पिशवी असताना नुसतं उभं राहण्याइतकं जड काम केलं नव्हतं. दुपारी नमुना मोजला: पंचवीस कोटी. अठरा तास उरले होते आणि त्या आपल्या संथ. मंद आच म्हणजे मंद आच, तुमच्या घाईसाठी ती कशाला वाढेल?

संध्याकाळी डॉक्टरबाई बाहेर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनीही कपाळ काचेला टेकलं.

"मावशी, खरं सांगू? मलाही वाटतंय, थोडीशी द्यावी."

"काय?"

"साखर. चमचाभर. आकडा गाठेल ना लगेच."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर साखरेविरुद्ध बोलत आलेली बाई! "मग?"

"मग काय. खोलीची किल्ली घड्याळाकडे देऊन टाकलीये. मी मागितली तरी देऊ नकोस, असं सांगून."

मागून घड्याळ म्हणालं, "त्यांनी दोनदा मागितली."

आम्ही तिघं काचेपुढे उभे राहून खुदुखुदु हसत होतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं हसतात तसे. आत कपाटात ती तळहाताएवढी पिशवी शांतपणे आपलं आपलं जाळत होती.

गुरुवारी नऊला घड्याळाने मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मी त्याच्या मागे, माझ्या मागे डॉक्टरबाई.

"अरे सांग की!"

"नियम तीनदा मोजण्याचा आहे." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "एकतीस कोटी. तिन्ही वेळा एकतीस."

"आणि खऱ्या किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं, पण त्या आधीच पडद्याकडे धावल्या होत्या. सगळे ठिपके वरच्या कोपऱ्यात, खांद्याला खांदा लावून. शंभरातल्या चौऱ्याण्णव.

त्यानंतर जे झालं ते चार पानी कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. डॉक्टरबाईंनी मला मिठी मारली, मी घड्याळाला मारली, घड्याळ उभ्या जागी उड्या मारायला लागलं, आणि आमच्या घड्याळाने त्या दिवशी डबा एक चाळीसला उघडला. मी बाटल्या ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रिकाम्या बाटल्यांसमोर चक्क नाचले. माझ्या वयाच्या, माझ्या घेराच्या बाईने फळ्यांच्या खोलीत नाचू नये. एक बाटली पडली. ती माझी मीच धुतली.

दुपारी पिशवी रुग्णालयात गेली. मी रजा टाकून पाहुणी म्हणून गेले, हात पाठीमागे बांधून. धाकटीच्या दंडाला सुई, वर दांडीला टांगलेली पिशवी, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी गढूळ.

सासूबाई चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "एवढंसं? यासाठी एवढा गाजावाजा?"

"एकतीस कोटी आहेत त्या, आई."

"असू देत." त्या पिशवीच्या अगदी जवळ गेल्या आणि आवाज उतरवून तिच्याशी बोलल्या, "हे बघा, आत माझी वस्तू आहे. जपून. आणि हिलाही जपून."

धाकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "आई, तुम्ही खिडकी लावा बघू. वारा येतोय."

"राहू दे उघडी," त्या म्हणाल्या, पण लावली.

वीस मिनिटांत पिशवी रिकामी झाली. कुणाला काही जाणवलं नाही. अशा पेशी गाजावाजा करत नाहीतच.

पुढे वाट बघायची होती, आणि आता मला ते येत होतं. दर आठवड्याला रक्त तपासलं जाई. दुसऱ्या महिन्यात थरथरवणारी गोळी थोडी उतरवली; मूत्रपिंड जागच्या जागी. तिसऱ्या महिन्यात आणखी थोडी. डॉक्टरबाई प्रत्येक वेळी बजावत, "पेशींमुळेच, असं आत्ताच म्हणायचं नाही. कमी गोळ्यांवर ती किती दिवस बरी राहते ते बघू." प्रत्येक वेळी हे सांगताना त्यांचे पाय खुर्चीखाली ठेका धरत.

चौथ्या महिन्यातल्या एका सकाळी मी कामाला निघाले होते. जिन्यात धाकटी चहा घेऊन वर येताना भेटली. आवाज आला नाही, म्हणून आम्ही एकमेकींवर आदळलोच. चहा माझ्या कोटावर सांडला आणि कपाच्या कानात अडकून वरचं बटण निघालं.

"आणा इकडे," ती म्हणाली.

"अगं, उशीर होईल."

"ताई, थांबा."

खालच्या खोलीत तिने मशीनवरची चादर ओढून काढली. खणातून सुई काढली. सासूबाई वर्तमानपत्राआडून बघत होत्या. वर्तमानपत्र उलटं होतं. धाकटीने जिभेचं टोक बाहेर काढलं. पहिल्यांदा दोरा सुईच्या शेजारून गेला. दुसऱ्यांदाही. हात जरासा हलतच होता. मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. चौथ्यांदा, पाचव्यांदा. सासूबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

सातव्यांदा दोरा आरपार गेला.

मग सासूबाईंनी वर्तमानपत्र बाजूला केलं, नाक ओढलं, आणि म्हणाल्या, "पांढऱ्या कोटाला पिवळा दोरा? डोळेही गेले का तुझे?"

"तुम्हाला काय करायचंय? कोट ताईंचा आहे."

"मूत्रपिंड माझं आहे!"

"मूत्रपिंडाला रंग कळत नाही, आई!"

आवाज चढायला लागले. खिडकीचाही विषय निघाला. मी मध्ये उभी, एका हातात रिकामा कप, अंगावर चहा, आणि मला इतकं हसू येत होतं की बोलता येईना.

"जाऊ द्या हो," मी शेवटी म्हटलं. "पिवळंच राहू दे."